मापवही

सेगजी ठोग्या वसावे. छाती चौतीस. बाही साडेतेवीस.
उजवा खांदा डाव्याहून बोटभर खाली.
माझ्या बापाचं अक्षर, तळोद्याच्या दुकानातलं,
शाई आता चहाच्या रंगाची.
पुढे शेरा: काळा कोट. मुंबईला जायचंय, वरच्या सभागृहात.
भिलांतला तिथे पहिलाच.
‘पहिलाच’खाली दोन रेघा,
दुसरी जरा जास्तच दाबून.

खांदा का खाली, ते बाप सांगायचा:
सागाच्या ओंडक्याचं एक टोक सेगजीच्या खांद्यावर,
दुसरं ठोग्याच्या,
मागून जंगलखात्याचा शिपाई, हात हलवत.
बापाने त्या खांद्यात कापूस भरला होता.
सेगजीने उसवायला लावला.
“जसा शे तसाच दिखू दे.
पन आतला खिसा मोठा ठेव भो,
मन्हा गावना कागद मावाले पाहिजेत.”

नंदुरबारला गाडी, सुरतेला बदली.
सभागृहाच्या दारात पट्टेवाल्याने तीनदा विचारलं,
तुमचे साहेब कुठे आहेत?
चौथ्यांदा विचारायला आला
तेव्हा हा खुर्चीत बसलेला.

उभा राहून म्हणाला म्हणे:
डोंगर सगळ्यांचा म्हणता, म्हणजे सरकारचाच म्हणता.
त्यापेक्षा वाटून द्या.
तुकड्या-तुकड्यावर माणसाचं नाव लिहा,
नाव असलं की कुणी हाकलणार नाही.
टाळ्या पडल्या.
नावं लिहिली गेली.

लिहिलेलं नाव खोडताही येतं,
हे अक्राणीच्या डोंगरात कुणाला ठाऊक?
मिठाच्या गोणीला एक बांध गेला,
लग्नातल्या चांदीला आख्खा उतार,
आणि मोहाचं झाड कुणाच्या हद्दीत
यावरून सख्खे भाऊ कोर्टात.

म्हातारपणी बाजाराच्या दिवशी यायचा,
भर चैत्रात कोट घालून,
आमच्या पायरीवर बसायचा.
लोक रामराम करत. काही रस्ता ओलांडून पलीकडून जात.
त्याची बहीण बुधी पलीकडूनच जायची.
एकदा तिच्या पाठीकडे बघत म्हणाला,
“दार मीच उघाडं.
मंग कोन घुसनं, ते देखाले थांबनू नही.”
बापाने मशीन जोरात चालवलं.

आता चौकात पुतळा बसतोय.
धुळ्याचा मूर्तिकार मापं घ्यायला माझ्याकडे आला,
म्हणाला, दोन्ही खांदे सारखे घेतो,
उंचावर बरं दिसतं.
मी ओळीवर बोट ठेवलं: बोटभर खाली.
असाच कर, नाहीतर पुतळा दुसऱ्या कुणाचा तरी होईल.

त्याने टिपून घेतलं.
पान उलटायला हात पुढे केला,
मी वही मिटली.

पाठच्या पानावर डकवलेलं आहे
दुकानाच्या जागेचं खरेदीखत.
घेणार, माझा बाप.
देणार, बुधी ठोग्या वसावे, निशाणी अंगठा.
त्या अंगठ्याची शाई
अजून निळीच आहे.