होती तेवढी

तोर्निओत जानेवारीत अडीचलाच दिवे लावतात.
त्या उजेडात एलिएलने
यादीतल्या करड्या ओळी निवडल्या, एकदम,
आणि बेचाळीस यंत्रांचं
होत्याचं नव्हतं केलं.

'निष्क्रिय लिहिलं होतं त्यांच्यापुढे,' तो म्हणाला.
कान लाल. वय एकोणीस.
राइमोने बूट आपटून बर्फ झाडला.
'उणे अठ्ठावीसमध्ये
मीही निष्क्रियच आहे, पोरा.
मला पुसून बघ.'

बाहेर क्रेन उभीच होती नदीकाठी.
तिला कुठे ठाऊक
आपलं नाव पटावरून गेलंय ते.
हुकाला बर्फाची दाढी,
पुलाचा तिसरा खांब तिच्याकडे तोंड करून,
आणि गुरुवारी तपासनीस येणार,
जो आधी यंत्र बघत नाही,
कागद बघतो.

मी कॉफी ओतून घेतली. टोपली उघडली.
आमच्या सॉफ्टवेअरची टोपली
टाकलेलं तीस दिवस धरून ठेवते.
माझी आई राग धरायची तेवढेच.

खूण कर, परत आण. खूण कर, परत आण.
ये गं, क्रेन.
या, दोन्ही पंप. जनरेटर, तूही.
सात हीटर, सातही एकाच नावाचे,
शाळेतल्या सात कुलकर्ण्यांसारखे नव्हे,
इथल्या सात कोर्होनेनांसारखे.
आली सगळी,
पण दवाखान्यातून माणसं घरी येतात तशी:
नाव तेच, नंबर तोच,
तास शून्य.
कुणी चालवलं, तेल कधी बदललं,
रोजनिशीशी जोडलेले धागे तुटलेले.
ते मी वेइक्कोच्या वहीतून पुन्हा भरत गेले.
ग्रीसच्या बोटांनी उलटलेली पानं,
सात आणि एक, ओळखू येईनात.

रात्री नऊला टोपलीत एकच ओळ उरली.
कॉम्प्रेसर, क्रमांक सतरा.
हा एलिएलचा नव्हता.
आज त्याचा तिसावा दिवस.
पुसणारा: वेइक्को,
निवृत्तीचा केक कापायच्या
वीस मिनिटं आधी.

शेऱ्याच्या रकान्यात:
'थंडीत दुसऱ्या खटक्याला सुरू होतो.
घाई करू नये. शिव्या देऊ नयेत.'

टॉर्च घेऊन आवार धुंडाळलं.
पत्र्याच्या शेडमागे, सतराच्या जागी,
बर्फ बाकीच्या बर्फापेक्षा
हातभर खाली.
चौकोनी.

फोन लावला.
'आइला? एवढ्या रात्री?'
'सतरा,' मी म्हणाले.
तो गप्प. मग खोकला.
'भंगारात घालणार होता तुम्ही त्याला.'
मी बोलले नाही.
त्याच्यामागे कुठेतरी,
थंड पत्र्यात घुमणारा
एक खटका.
मग काहीच नाही.
'घाई करू नकोस,' तो मागे वळून कुणाला तरी म्हणाला,
नातू असेल.
मग दुसरा खटका,
आणि धग, धग, धगधग
पार माझ्या कानाच्या पाळीपर्यंत.

टोपलीला अजून तीन तास होते.
बाण त्या ओळीवर ठेवून बसले
कॉफी गार होईपर्यंत,
मग गार कॉफी संपेपर्यंत.
चोरी ती चोरीच.
यादीखाली सही माझी असते.
वेइक्कोने मला पहिल्या हिवाळ्यात
हातमोज्यांच्या आत घालायचे हातमोजे दिले होते,
पण तो काही हिशेब नव्हे,
आणि मी तो मांडलाही नाही.

सकाळी राइमोने विचारलं,
'सगळी आली परत?'
एलिएल खाली मान घालून
दारापुढचा बर्फ फावड्याने ओढत होता.
'होती तेवढी,' मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे पाहिलं,
मग शेडमागे,
आणि बूट आपटून बर्फ झाडला,
जो बुटाला लागलेलाच नव्हता.