पेन्सिलींना टोक काढताना

कपाटातला खोका उतरवला. वर तारीख माझ्याच अक्षरात,
वीस वर्षांपूर्वीची.
आत एकशे चाळीस पेन्सिली, निम्म्या बोथट.
एकीवर दातांचे व्रण:
कुणीतरी नाव लिहिण्याआधी
बराच वेळ घुटमळलं असणार.

नुकाबेत्सुत मत म्हणजे शिक्का नव्हे.
आडोशाला उभं राहून उमेदवाराचं नाव
आपल्या हातानं लिहायचं, वाचता येईल असं.
पण जागा दहा आणि उभेही दहाच,
मग कुणी कुणाचं नाव का लिहावं?
चार निवडणुका तशाच गेल्या.
मी 'बिनविरोध' लिहायचो, साहेब शिक्का मारायचे,
पाच वाजून पाच मिनिटांनी चहा.

माणसं तीच. एखादा वारला तर त्याचा मेहुणा.
सर्वांत धाकटे कुरामोची, वय अडुसष्ट,
त्यांना सभागृहात अजून 'पोरगा' म्हणतात.
छताच्या गळतीचा विषय 'पुढच्या बैठकीत'
अकरा वर्षं आहे.
बादली मी बदलतो.

मधल्या काळात आगगाडी बंद झाली,
रूळ उचलून नेले, फलाट राहिला.
शाळा मिटली. सात मुलं उरली, ती पहाटे
बसमध्ये झोपून दुसऱ्या गावाला जातात.
यातलं काहीच कुणी ठरवलं नाही.
इतिवृत्तात शोधा हवं तर.

पोस्टरांच्या फळीवर मी सवयीनं बारा चौकोन आखतो.
दोन कायमचे कोरे.
मागच्या खेपेला त्यातल्या एकात
हरवलेल्या मांजराचा फोटो कुणी चिकटवला होता.
गावानं निरखून पाहिला तो तेवढा एकच चेहरा.

मंगळवारी अर्ज घ्यायचे पाच वाजेपर्यंत.
चार चाळीसला ओरितो मित्सुयो आली, ॲप्रनसकट.
हिची किराण्याची गाडी बुधवारी वरच्या वस्त्यांवर जाते;
दोघांचा टोफू घेणारं घर
एकाचा घेऊ लागलं, हे हिला
आमच्या नोंदवहीआधी कळतं.
अनामतीच्या पावतीला सुक्या माशांचा वास होता.
चहाचं पाणी उकळून उकळून आटलं.

अध्यक्ष धावत आले. कशाला खर्च, म्हणाले,
गावात फूट पडेल.
ती म्हणाली, फूट पडायला आधी गाव लागतं.
आणि अर्जावर राहिलेला पिनकोड भरला.

मग पाच दिवस दहा माणसं
एकमेकांकडे चोरून बघत होती: आपल्यातला कोण?
काळवंडलेल्या बर्फातून, नवे मोजे घालून
दारोदार फिरली.
एका दारात हात्सुए बाईंनी विचारलं,
"तुम्ही अजून आहात होय?"

मी नियमांचं पुस्तक काढलं.
कुरामोची दोघे आहेत; नुसतं आडनाव लिहिलेलं मत
दोघांत वाटायचं, दशांश चिन्हासकट.
कॅलक्युलेटरला नवा सेल घातला.
रात्री दोनपर्यंत पेन्सिली. टेबलावर लाकडाच्या साली,
खोलीला शाळेचा वास.

ती येईल का निवडून, मला सांगता यायचं नाही,
सांगायचंही नसतं. गळती थांबेल का, तेही.

रविवार, सकाळी सात.
पहिल्या मतदाराला रिकामी पेटी दाखवायची,
मगच कुलूप. हा नियम.
हात्सुए बाई साडेसहापासून काठी टेकून उभ्या होत्या,
वय एक्क्याण्णव.
मी पेटी कलती केली. त्यांनी आत पाहिलं,
फार वेळ पाहिलं. मागे रांग खोळंबली.
हो, रांग होती.
"काही नाही ना?" मी विचारलं.
"काही नाही," म्हणाल्या, "सगळी जागाच आहे."

आडोशामागे गेल्या.
जरा वेळानं टोक मोडल्याचा बारीक आवाज.
पडद्याबाहेर नुसता हात आला.
मी दुसरी दिली.