धन्यापर्यंत

गोळीबार चौकात गोळ्या विकायचा मुरलीधर निमजे.
ह्या विनोदावर तो स्वतः कधी हसला नाही.
बाकीचे हसायचे, रोज, नव्यानं.

तांब्याची कढई, खाली कोळशाची धग,
कढईत धने.
वरून पाकाची एक पळी, आणि मग हलवत राहणं,
हलवत राहणं.
पोळ्याला टाकलेला धना दसऱ्याला गोळी व्हायचा.
कांडीवर सूत चढावं तसा पाक चढायचा,
हिरवा, त्यावर गुलाबी, त्यावर पांढरा.

बाबा रात्रपाळीला जाताना एकच घ्यायचा.
कताई खात्यात बिडी चालत नसे,
पाण्यासाठी जागा सोडली तर जॉबर नाव लिहायचा.
म्हणून गोळी. डाव्या गालात.
उजव्यात लवकर विरते म्हणे.
काहून, ते कोणी विचारलं नाही.
"फोडायची नाही," एवढाच नियम.
"फोडली की रात्र लांबते."

मला आणि वच्छीला मिळून एक.
माझ्या पाळीत ती शंभर मोजायची, तिच्या पाळीत मी.
सत्तरनंतर ती थेट नव्वदवर यायची,
हे मला चौथीत गेल्यावर समजलं.
जिभा काढून रंग बघायचो:
"तुही अजून गुलाबीच हाय बे!"
रात्री उरलेली गोळी उपड्या पेल्याच्या बुडावर,
पेला पाण्याच्या ताटलीत.
मुंग्यांसाठी खंदक.

पहाटे भोंग्यामागोमाग बाबा यायचा,
केसांत कापूस,
आणि ओसरीवर बसून उरलेला धना चावायचा.
तेवढा चावायची मुभा होती.
एकदा मला दिला. गोड नव्हता, कडूही नव्हता.
धन्यासारखा होता.

एका रात्री साडेबारालाच कडी वाजली.
फाटकावर कागद लावलाय, म्हणाला. कुलपाच्या वर.
आईनं दिलेलं पाणी हातातच राहिलं.
शब्द गोळीला अडखळत येत होते,
जीभ अजून पांढरीच होती.

आम्ही गोधडीत जागे.
दिवा गेल्यावर बऱ्याच वेळानं
कडक्.
वच्छीनं माझं मनगट धरलं.
फोडली त्यानं, असं वाटलं आम्हाला.

सकाळी पेल्याच्या बुडावर दोन गोळ्या होत्या,
आमची, आणि एक तिच्याहून मोठी, पांढरी, अख्खी.
दात तुटला होता.
आई हळद लावत होती नि तो हसू नये म्हणून
गाल दाबून धरत होता.

ती गोळी कोणी चोखली नाही.
मुंग्यांनीही नाही, असं वच्छी सांगते.
वच्छीच्या आकड्यांवर माझा भरवसा नाही.

परवा चौकात निमज्यांचा नातू.
बरणी तीच, गोळ्या मशीनच्या.
विचारलं, आत काय असतं?
"आत? आतपर्यंत गोळीच हाय ना काका."

शुगर आहे मला. तरी घेतली.
डाव्या गालात ठेवून मिलच्या रस्त्यानं निघालो,
पावलं मोजत.
सत्तर झाले.
नव्वद.