दहा फूट

कलम बारा, पोटकलम चार:
दाराच्या बाजूने दहा फूट मोकळी जागा,
उरलेल्या तिन्ही बाजूंना तीन-तीन.
कुंपण नको, झुडूप नको, सरपण रचलेलं नको.
एकोणीस वर्षं दारोदार हेच म्हणत आलेय,
मिनेसोटाच्या या खाणगावात.
आता जीभ आपोआप वळते.

हिरवी पेटी. कंबरेएवढी.
उन्हाळ्यात पोरं तिच्यावर बसून आइस्क्रीम खातात,
हिवाळ्यात सगळ्या गल्लीआधी तिच्यावरचा बर्फ वितळतो
आणि आळीतली मांजरं तिथे सभा भरवतात.
आत सात हजार दोनशे व्होल्ट.
आवाज म्हणाल तर
झोपलेल्या माणसाच्या घशातला.

आंटोन झुपान्चिचच्या अंगणात ती दिसतच नव्हती.
तिन्ही बाजूंनी लायलॅक. चौथ्या बाजूनेही लायलॅक.
"लुडीला ती डोळ्यांसमोर नको होती," तो म्हणाला.
"म्हणायची, दारात शवपेटी कशाला?"
लुडी गेली त्याला चार हिवाळे झालेत.

मी नोटीस दिली. गुलाबी प्रत त्याला, पांढरी मला.
मुदत चौदा दिवस, पुढे रोजचे पन्नास डॉलर.
लोखंडाच्या खाणीत बत्तीस वर्षं घातलेल्या हातांनी
त्याने तो कागद असा धरला,
जसं कुणी परक्याचं तान्हं मूल धरतं.

मी काही वाईट बाई नाही.
(तसं कुणी म्हटलं नव्हतं.
हे मीच म्हटलं, गाडीत बसल्यावर.)

पंधराव्या दिवशी गेले.
झुडपं मुळांसकट काढलेली,
ओल्या पोत्यांत बांधून
गॅरेजच्या भिंतीला ओळीने टेकवलेली.
मी टेप ताणली. दहा फूट दोन इंच.
दोन इंच वरकड देणारा माणूस.

आणि मग पेटी दिसली.

खालची कड गंजून पापुद्र्यांची झालेली,
बिजागरीपाशी भोक.
मी हात त्याच्यासमोर धरला, घातला नाही.
माझा गेलाही नसता.
पाच वर्षांच्या पोराचा गेला असता, कोपरापर्यंत.
कुलपाच्या जागी पिळलेली तार.
धोक्याच्या स्टिकरवरचा विजेने कोसळणारा माणूस
उन्हाने इतका पुसलेला
की फक्त त्याचे पाय शिल्लक होते.

म्हणजे इतकी वर्षं
कलमाने करायचं ते लायलॅकने केलं होतं.
कुणाला फिरकू दिलं नव्हतं.
आणि ती उपटायला लावली मी.

कंपनी म्हणाली, पेटी आमची, पण तक्रार लेखी द्या.
नगरपालिका म्हणाली, कंपनी आपल्या हातात नाही, राज्याच्या.
राज्याच्या टेलिफोनवर बराच वेळ पियानो वाजला.
मग: वीस दिवस, कामाचे.
माझ्या गुलाबी कागदावर
कंपनीचं नाव लिहायला रकानाच नाही.

आंटोनने स्वयंपाकघरातली खुर्ची आणली,
पेटीच्या दारासमोर मांडली,
मोकळ्या ठेवायच्या दहा फुटांच्या मधोमध.
थर्मास, रेडिओ, कानटोपी.
साडेतीनला शाळेची बस थांबायची
तेव्हा उठून उभा राहायचा,
"पलीकडून, पलीकडून," एवढंच बोलायचा.
अंधार पडल्यावर पेटीपुढे दोन फळ्या, त्यांना बांधलेला कंदील,
आणि घरातली खिडकी उघडी.

मी घरी जाताना थांबायला लागले.
नवव्या दिवशी पाहते तर दुसरी खुर्ची.
मी बसले. आम्ही फारसं बोललो नाही.
तपासणीच्या वहीत मी लिहिलं:
अडथळे: खुर्च्या, दोन.
शेरा: हटवू नयेत.

तेविसाव्या दिवशी ट्रक आला.
दोन पोरगेलेशी माणसं, चाळीस मिनिटांचं काम.
नवं दार, नवं कुलूप, नवाकोरा कोसळणारा माणूस.
एकाने विचारलं, इथे भोक आहे हे कळलं कसं?
आंटोनने माझ्याकडे पाहिलं. मी बुटांकडे.

ते गेल्यावर त्याने माझी टेप मागितली.
पेटीपासून अकरा फुटांवर खुंटी ठोकली,
मग दुसरी, मग तिसरी.
म्हणाला, हलवलेली लायलॅक रुसते,
दोन-तीन वर्षं फुलत नाही.

टेप अजून त्याच्याकडेच आहे.
मी मागितलेली नाही.