डॉक्टरांचं अक्षर

डॉक्टर ओक्ताव शासान्य यांचं अक्षर
अख्ख्या खोऱ्यात एकट्या मला लागायचं.
मुंगी शाईत बुडवून कागदावर सोडलेली.
लोक चिठ्ठी काउंटरवर ठेवून
माझ्या तोंडाकडे बघत राहायचे,
जगणार की नाही, जणू मीच ठरवणार.

एका चिठ्ठीवर एवढंच होतं:
'हिच्याकडे पैसे मागू नकोस. लाकडं पाठव.'
औषध कुठलंच नाही.

मग मेयर झाले. त्यात काय,
गावातल्या प्रत्येकाला त्यांनी उघडं पाहिलेलं,
विरोधात उभं कोण राहणार?
मग पॅरिस. भिंतीभिंतीवर पोस्टर,
केस विंचरलेले, स्टेथोस्कोप गळ्यात.
इथे तो कोटाच्या खिशात असायचा,
अक्रोडांबरोबर कोंबलेला.
मला हसू आलं. मत मात्र दिलं.

मंत्री झाल्यावर पत्रं यायला लागली,
टाइप केलेली, समास सोडून.
पहिल्यांदाच कुणालाही वाचता येत होतं,
आणि पहिल्यांदाच मला काही लागेना.
'पुनर्रचना.' 'सेवांचं एकत्रीकरण.'
तिसऱ्या वाचनात उलगडलं:
बाळंतपणाचा वॉर्ड बंद.
सहा खाटा, एक सुईण, एक गळका नळ.
खाली सही. तेवढी मुंगी जुनी.

त्या फेब्रुवारीत सोलांज बोर्दची मुलगी
ओरियाकच्या रस्त्यावर, दूधवाल्याच्या ट्रकमध्ये झाली.
जगली. धडधाकट आहे, बाजारात चीज विकते.
पण पुढच्या निवडणुकीत सोलांज
पोस्टरसमोर थांबली, हातमोजा काढला
आणि नखाने त्यांचा एक डोळा
सावकाश खरवडून काढला.

हरले. एकशे बारा मतांनी.
त्यातलं एक कुणाचं, ते विचारू नका.

परवा दुकानाची घंटा वाजली.
ब्याऐंशी वर्षं, चष्म्यावर वाफ.
झोपेच्या गोळ्यांची चिठ्ठी पुढे केली.
हात कापतो, म्हणून प्रत्येक अक्षर
सुटं सुटं, शाळकरी, ओळ धरून.
"लागतं का?"
"आता कुणालाही लागेल, डॉक्टर."

खुर्चीत बसले. बराच वेळ
बुटांवरचा बर्फ वितळताना बघत राहिले.
मग म्हणाले, "ती ट्रकमधली मुलगी.
वजन किती होतं?"

"तीन किलो शंभर. ट्रक इथेच वळवला होता.
याच काट्यावर."

त्यांनी मान हलवली,
कुठेतरी नोंद केल्यासारखी.

मी गोळ्या मोजत होते. अकरावर चुकले.
पुन्हा पहिल्यापासून मोजल्या.