सदुसष्ट

वास्कोत, टायरच्या दुकानावरच्या माझ्या स्टुडिओत
खिडकी बंद असली तरी कोळसा आत येतो.
बंदरात बोट रिकामी होत असली
की दिवसातून तीनदा टेबल पुसते मी.
याच धुळीत बसून रोंबाटचे श्वास कापले,
अकरा वर्षांपूर्वी, एकेक,
भेंडीची डेखं कापावी तसे.

तेव्हा तो सेकंदाला चौदा अक्षरं बोलायचा.
मोजलीयत मी, पडद्यावर लाट ताणून.
ळ आणि ण पायात पाय न अडकवता
उतरायचे त्याच्या जिभेवरून.
लोक विचारायचे, हा दम घेतो कधी?
घ्यायचा.
मी काढून टाकायचे.
तासाला सहाशे रुपये मिळायचे त्याचे.

मग दुसऱ्या अल्बमची पोस्टरं लागली.
शिगम्याला येणार होता, मग चवथीला,
मग सांजांवला, लोक विहिरीत उड्या मारतात त्या दिवशी.
कुठ्ठाळीच्या उतारावर स्कूटर घसरली
आणि पुढचे दोन दात रस्त्यावर राहिले.
नवे बसवले, चांगले, मडगावच्या डॉक्टरकडचे,
पण स म्हटला की शिट्टी वाजते.
सुदिन वेर्लेकर हे खरं नाव.
तेही आता शिट्टीशिवाय सांगता येत नाही त्याला.

अल्बमचं विचारलं की म्हणायचा, मागीर.
मागीर म्हणजे नंतर.
या शब्दाला आमच्याकडे कोणी तारीख विचारत नाही.

पोटासाठी हाऊजीचे आकडे पुकारू लागला,
लग्नाच्या हॉलात, फेस्ताच्या मांडवात,
चिखलीच्या क्लबात दर शनिवारी.
आणि आकड्यांत तर स नुसता पेरलेला:
सात, सतरा, सत्तावीस, सदतीस.
पोरं मागून शिट्टीला शिट्टी द्यायची.
तो जुन्या सवयीनं सुटायचा भन्नाट
आणि तिसऱ्या रांगेतून कोन्सेसांवबाय ओरडायची,
सवकास सांग रे पुता, म्हाका आयकूंक येना!

आकडा सांगायचा. थांबायचं.
साठ पेन्सिली कागदावरून वर येईपर्यंत थांबायचं.
नऊ वर्षं हे केलं त्यानं.
मला वाटायचं, वाया गेला.

गेल्या मार्चमध्ये वही घेऊन आला,
पोट सुटलेलं, चष्मा दोरीला.
म्हणाला, श्वास कापू नकोस.
मी म्हटलं, सेकंदाला नऊच येतायत.
म्हणाला, मोजू पण नकोस.

चौथ्या गाण्यात, बापाच्या क्रेनबद्दल बोलता बोलता,
कुणी न बोलावता जुना वेग आला,
अकरा सेकंद, पूर्ण चौदा.
मग ठसका लागला.
काचेपलीकडे तो हसत होता, अलीकडे मी.
ठसका ठेवलाय.

नाव सात वेळा बदललं होतं, आठव्यांदा ठरलं 'सदुसष्ट'.
का, विचारलं.
एका आकड्यात दोनदा वाजते, म्हणाला.

शुक्रवारी मध्यरात्री अल्बम बाहेर पडला.
शनिवारी फोंड्याहून एका जुन्या चाहत्याचा फोन,
स्पीड कुठे गेला हो?
मला उत्तर सुचलं नाही.
त्या रात्री जुनी फाइल उघडली, न पुसलेली.
दोन हजार तीनशे श्वास, नुसते, एकापुढे एक.
कोणीतरी एकोणीस वर्षांचा मुलगा
जिना चढतोय, चढतोय,
आणि मजला येत नाही.
मी अर्ध्यावर बंद केलं.

क्लबात त्यानं कोन्सेसांवबायला ऐकवलं,
स्पीकर तिच्या चांगल्या कानाशी धरून.
ती पेन्सिल हातात घेऊन बसली होती.
नवही गाणी ऐकली, मान न हलवता.
मग म्हणाली, बरें आसा.
आतां फुडलो आंकडो सांग.