ब

तीन ठाणी हिंडलो. सोहारमध्ये
परकार नावाचा कैदीच नव्हता कुठे.
चौथ्या ठिकाणी एका पोरसवदा शिपायाने
स्क्रीन माझ्याकडे वळवली.
अरबीत प नाही, म्हणून तू ब मध्ये.
दिलावर बरकार. चेकची केस.

सोमवारी दहा मिनिटं, मध्ये काच, कानाला फोन.
दाढीत तू तुझ्या बापासारखा दिसतोस.
विचारलंस, खोलीतल्या कुकरची शिटी आणली का कोणी.
म्हटलं, आणली.
आणली नव्हती.
मग फोनची वायर बोटाला गुंडाळत राहिलो
दोघेही, आपापल्या बाजूने.

पत्र चालतं, पण अरबीतच;
मराठी तपासायला इथे कोण बसलंय?
मी हिंदीत सांगतो, टायपिंगवाला कुट्टी अरबी करतो :
आई बरी आहे. कलमांना मोहोर बेताचा.
जिवाला लावून घेऊ नकोस
याचं त्याने काय केलं कोण जाणे,
एकाच ओळीत आटपलं.

तुला अक्षरं लागतील, मदरशातली.
मोठ्याने वाचशील, जेर-जबर सांभाळून,
आणि एक शब्द कळणार नाही.
शेजारच्याला विचार.

पाकिटावर नाव मात्र मीच घालतो,
कुट्टीकडून गिरवून घेतलेलं.
ब ने सुरू करतो.
पोचायला हवं.